प्रतिकृतींची रंगफवारणी

विमाने, जहाजे, आगगाड्या इत्यादींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती वायुकुंचल्याने (एअरब्रशने) रंगविण्याची पद्धती. १८७० नंतरच्या दशकात अमेरिकेत निघालेले हे साधन पुढे छायाचित्रे सुधारण्यासाठी वापरले जाऊ लागले. प्रतिकृतिकारांना त्याचे महत्त्व पटले ते थराच्या तनुतेमुळे. १/७२ प्रमाणाच्या विमानावरील ०.१ मिमी. जाडीचा थर मूळ विमानावर ७.२ मिमी. ठरेल आणि त्याखाली रिव्हेट व सांधे बुजून जातील.

रंगाची निवड मात्र प्रतिकृतीच्या द्रव्यावर अवलंबून राहिली. लाकडी प्रतिकृतींना नायट्रोसेल्युलोजयुक्त लॅकर चालत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिस्टायरिनाचे संच रूढ झाले आणि लॅकरमधील तीव्र विद्रावकांमुळे त्यांचा पृष्ठभाग विरघळू लागला. अमेरिकेतील रेल्वे-प्रतिकृतिकारांचे आवडते फ्लोक्विल रंग (२०१३ मध्ये बंद) सूक्ष्म रंगद्रव्यामुळे उत्तम फवारले जात. पण प्लॅस्टिकवर आधी संरक्षक लेप देणे इष्ट असे. ब्रिटनमध्ये हल येथील हम्ब्रॉल एनॅमलांनी ही अडचण बव्हंशी दूर केली. त्यांचा विद्रावक सौम्य असतो. परंतु एनॅमल ऑक्सिडीभवनाने सावकाश पक्व होते व अपक्व थरावर लॅकर फवारल्यास तो सुरकुततो.

पुढे जपानच्या तामियासारख्या कंपन्यांची ॲक्रिलिके लोकप्रिय झाली. त्यांचा वास कमी असतो. पण काही प्रकार सुईच्या टोकाशी लवकर वाळून फवारा अडवितात. पाण्यात मिसळणारा रंग निर्धोक, हा समज मात्र चुकीचा आहे. फवाऱ्यातील सूक्ष्म कण फुप्फुसांत जातात. त्यामुळे त्यालाही मुखवटा व वायुवीजन लागते.