‘हेमाडपंती’ संज्ञेची मर्यादा आणि मंदिरस्थापत्याची मूलभूत परिभाषा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील कोणतेही जुने दगडी मंदिर ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखण्याची प्रथा लोकव्यवहारात रूढ आहे. गावोगावच्या माहितीफलकांवर व विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीच्या अहवालांतही हाच शब्द येतो. तथापि, या एका शब्दाने कालखंड, बांधकामतंत्र व शैली या तीन भिन्न बाबी एकत्र केल्या जातात. या संज्ञेची मर्यादा तपासून मंदिरस्थापत्याच्या मूलभूत परिभाषेची आवश्यकता स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संज्ञेचा कालविपर्यास :
हेमाद्री अथवा हेमाडपंत हा महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या दरबारातील श्रीकरणाधिप होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथाचा कर्ता म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्याचा काळ १३ व्या शतकाचा उत्तरार्ध होय. याउलट अंबरनाथ येथील शिवमंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हा काळ दिलेला असून तो शिलाहार राजा माम्वाणी याच्या कारकिर्दीतील आहे. हेमाद्रीपूर्वी सुमारे दोनशे वर्षे उभ्या राहिलेल्या या मंदिरास त्याचे नाव देणे कालदृष्ट्या असंगत ठरते.

तंत्र आणि शैली :
चुन्याचा वापर न करता घडीव दगड एकमेकांत अचूक बसविण्याच्या पद्धतीस शुष्कसांधी म्हणतात. ‘हेमाडपंती’ म्हणताना बहुधा हेच वैशिष्ट्य अभिप्रेत असते. परंतु हे केवळ बांधकामाचे तंत्र आहे आणि ते भिन्न राजवटींच्या, भिन्न शैलींच्या मंदिरांत आढळते. त्यामुळे केवळ तंत्रावरून शैली अथवा काळ ठरविता येत नाही.

शैली निश्चित करण्यासाठी वास्तूचे घटक पाहावे लागतात. तलविन्यासात, म्हणजे जमिनीवरील आराखड्यात, मुखमंडप, मंडप, अंतराळ व गर्भगृह हा क्रम दिसतो. देवमूर्ती अथवा शिवलिंग गर्भगृहात असते. अंतराळ हा गर्भगृह व मंडप यांना जोडणारा अरुंद भाग होय. ऊर्ध्वविन्यासात, म्हणजे उभ्या रचनेत, खालून वर अधिष्ठान, भिंतीचा मूर्तींनी अलंकृत भाग म्हणजे जंघा आणि त्यावर शिखर येते. शिखराच्या माथ्यावर आवळ्याच्या आकाराचा आमलक व त्यावर कलश असतो.

अंबरनाथचे मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंना मध्यभागी पायथ्यापासून वर जाणारी लता असते आणि दोन लतांमधील भागात लघुशिखरांच्या आडव्या व उभ्या ओळी रचलेल्या असतात. अंबरनाथचे शिखर आज अपूर्ण स्थितीत असले तरी ही मांडणी ओळखता येते. सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वर मंदिरात तीच शैली अधिक स्पष्ट दिसते. एका जगतीवर, म्हणजे उंच चौथऱ्यावर, मुख्य शिवमंदिर व चार कोपऱ्यांत चार उपमंदिरे असल्याने तो समूह पंचायतन ठरतो. भूमिज शैली माळव्यातील उदयपूरच्या उदयेश्वर मंदिरातही आढळते. परमार, शिलाहार व यादव या तिन्ही राजवटींच्या प्रदेशांतील हा कलासंबंध ‘हेमाडपंती’ या शब्दाने झाकला जातो.

निष्कर्ष :
परिभाषा ही केवळ पाठांतराची यादी नसून इतिहासलेखनाचे साधन आहे. ज्या घटकाला नाव नाही, त्याची नोंद होत नाही. आणि जीर्णोद्धाराच्या वेळी जंघेवर रंग चढला किंवा शुष्कसांध्यांत सिमेंट भरले गेले, तर नेमके काय झाकले गेले हे सांगता येत नाही. ‘हेमाडपंती’ हा शब्द लोकस्मृतीचा भाग म्हणून जपावा. मात्र अध्यापनात व क्षेत्रभेटीच्या अहवालांत काळ, तंत्र आणि शैली यांची नोंद स्वतंत्रपणे करण्याची शिस्त विद्यार्थ्यांना पदवी स्तरापासूनच लावणे आवश्यक आहे.