पुलस्त्य आणि काडीपेटीतले विज्ञान

पु. ल. देशपांडे आणि सुनीता ठाकूर यांचा नोंदणी विवाह १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत, सुनीताबाईंच्या माहेरी झाला. हा तपशील पुलंचे चाहते हौसेने सांगतात. पुलंच्या निधनानंतर (१२ जून २०००) त्याच सुनीताबाईंनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानातर्फे पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञानकेंद्राला भरीव देणगी दिली, ही नोंद मात्र वाङ्मयेतिहासात सहसा आढळत नाही. लेखकाच्या पैशाचे पुढे काय झाले, हा आपला विषय नव्हे असे आपण का मानतो, न कळे.

केंद्राचे नाव 'मुक्तांगण विज्ञान शोधिका', वास्तूचे 'पुलस्त्य': सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात दडलेले 'पुल'. (व्यसनमुक्तीचे 'मुक्तांगण' वेगळे; १९८६ साली त्यालाही देशपांडे दांपत्याचाच हात लागला होता.)

येथे २०१४ पर्यंत खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता हे कानपूर आयआयटीचे अभियंते. १९७८ साली टेल्कोतून रजा घेऊन ते होशंगाबादला गेले. तेथे १९७२ पासून, आरंभी सोळा शाळांत, प्रयोगांतून विज्ञान शिकवले जात होते. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्या दोन्ही तोंडांत आगकाड्या खुपसल्या की सांधा तयार होतो, ही गुप्तांची युक्ती तिथली. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबताच कलतो. त्रिकोण आकार सोडत नाही. कोकणातल्या मुलाने मग मान वर करून कौलांखालची कैची पाहावी.

त्यांची मोटर याहून देखणी. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारेच्या एका टोकावरचे इनॅमल पूर्ण खरवडायचे, दुसऱ्यावरचे एकाच अंगाने. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा पडतो आणि वेटोळे नुसते डुलत राहते. अर्धे इनॅमल राखले, की नेमकी त्या वेळी वीज तुटते आणि वेटोळे मिळालेल्या गतीने पुढे जाते. पाठ्यपुस्तकात 'दिक्परिवर्तक' हा शब्द आधी येतो, मुले तो पाठ करतात. येथे तो शेवटी येतो, आणि तोवर त्याची गरज भासू लागलेली असते. भाषा शिकवणाऱ्या आपण तरी या क्रमाचा विचार करायला हवा.

होशंगाबादचा उपक्रम शेकडो शाळांत पोचल्यावर २००२ साली मध्य प्रदेश सरकारने बंद केला. गुप्तांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. शाळा मात्र तयार 'सायन्स किट' विकत घेतात, आणि मुलांनी मोडू नये म्हणून ते कपाटात कुलूपबंद राहते.