एअर फोर्समध्ये पायलट व्हायचंय, मग लग्नाचं काय? समजून घ्या

मुलाने किंवा मुलीने ‘एअर फोर्समध्ये पायलट व्हायचंय’ असं सांगितलं की घरी कौतुक होतं, पण थोड्याच वेळात प्रश्न येतो, “मग लग्न कधी करणार?” याचं अर्धं उत्तर नियमांत आहे, अर्धं घरातच शोधावं लागतं.

नियम काय सांगतात?

एनडीएमध्ये फक्त अविवाहित उमेदवारांना प्रवेश मिळतो. पदवीनंतर एएफकॅट परीक्षेतून फ्लाइंग ब्रँचला जायचं असेल तर वय साधारण 20 ते 24 लागतं आणि 25 वर्षांखालील उमेदवार अविवाहितच हवा. अर्ज केल्यानंतर लग्न केलं तर निवड होऊनही प्रशिक्षणाला घेत नाहीत. प्रशिक्षण सुरू असताना केलं तर काढून टाकतात आणि सरकारने केलेला खर्चही वसूल करतात. कमिशन मिळाल्यावर ही अट उरत नाही.

मग अडचण कुठे येते?

कमिशन मिळालं म्हणजे शिकणं संपलं असं नाही. 18 जून 2016 रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या देशाच्या पहिल्या महिला फायटर पायलट झाल्या. भावना कांत दिवसा लढाऊ मोहिमेवर जाण्यासाठी पात्र ठरल्या त्या मे 2019 मध्ये, म्हणजे जवळपास तीन वर्षांनी.

गरोदरपणात फायटर उडवता येत नाही. म्हणूनच 2016 मध्ये हवाई दलाने या तिघींना चार वर्षं मातृत्व लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला होता. ती सक्ती नव्हती. पण मुलींना या करिअरचं गणित मुलांपेक्षा वेगळं मांडावं लागतं, हे त्यातून दिसतं.

रजा किती मिळते?

महिला अधिकाऱ्यांना 180 दिवसांची प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवेत 360 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते.

जोडीदाराचं काय?

दर काही वर्षांनी बदली होते. आज पुण्याचं लोहगाव, उद्या आसाममधलं तेजपूर. जोडीदाराची नोकरी आणि मुलांची शाळा दर वेळी नव्याने जुळवावी लागते.

14 वर्षांनंतर काय?

एएफकॅटमधून पायलट झाल्यास शॉर्ट सर्व्हिस कमिशन 14 वर्षांचं असतं, मुदतवाढ मिळत नाही आणि पेन्शनही नसते. तेविसाव्या वर्षी कमिशन मिळालं तर सदतिसाव्या वर्षी, मुलं शाळेत असताना, दुसरी नोकरी शोधावी लागते. एनडीएतून गेल्यास पर्मनंट कमिशन मिळतं. 2022 पासून हा मार्ग मुलींसाठीही खुला आहे.

थोडक्यात काय?

लग्न की आकाश, असा हा प्रश्न नाही. कोणती गोष्ट कधी, एवढं ठरवायचं असतं. स्थळ पाहताना पगार विचारला जातोच. त्यासोबत तीन गोष्टी मोकळेपणाने बोला: बदली झाली तर कोण कुठे राहणार, मूल कधी हवं आणि 14 वर्षांनंतर घर कशावर चालणार?