अस्मानीचा पंचनामा

मराठी अमदानीतील वसुलाच्या कागदांत 'अस्मानी सुलतानी' हा जोडशब्द ज्या सहजतेने येतो, ती पाहिली म्हणजे असे वाटू लागते की, आभाळातून कोसळणारे संकट आणि फौजेच्या टापांखाली चिरडले जाणारे पीक यांत त्या काळच्या कारकुनाला तत्त्वतः काही भेद दिसत नसावा. दोन्ही रयतेच्या हाताबाहेरची, दोन्हींमुळे वसूल बुडायचा, आणि दोन्ही प्रसंगी पाहणी करून मुलुखशिरस्त्याप्रमाणे सूट द्यायची, असा त्याचा सरळ हिशोब होता. सुलतानी गेली, निदान तिचे ते रूप गेले. पण अस्मानी राहिली, आणि नाशिक जिल्ह्यात तिचे सर्वांत लहरी रूप म्हणजे गारपीट होय. दुष्काळ महिनोन्महिने चाहूल देत येतो, पूर निदान नदीच्या वाटेने येतो. गार मात्र फाल्गुन-चैत्रातल्या एखाद्या तापलेल्या दुपारी, ढगातल्या वर चढणाऱ्या वाऱ्याने पाण्याचे थेंब पुन्हा पुन्हा गोठणाऱ्या थरांत उचलले, की एका शिवारावर बोराएवढी, शेजारच्या शिवारावर लिंबाएवढी आणि ओढ्यापलीकडे मुळीच नाही, अशा पक्षपाताने पडते. तिच्या या पक्षपातानेच नुकसान मोजणाऱ्यांना पिढ्यानुपिढ्या चकवले आहे.

पिकाआधी छपराचे सांगतो, कारण गार पहिल्याने आदळते ती घरावर, आणि नाशिक जिल्ह्याइतकी छपरांची विविधता एका जिल्ह्यात क्वचित आढळते. पश्चिमेस पेठ, सुरगाणा, इगतपुरी या पावसाच्या मुलुखात उतरते, गवताने शाकारलेले छप्पर. पूर्वेस येवले, नांदगाव, मालेगावकडील कोरड्या भागात मातीचे सपाट धाबे. आणि मधल्या पट्ट्यात, खुद्द नाशकाच्या जुन्या वाड्यांवर, कौले. धाब्याला गारेचे भय नव्हते. ती पडून वितळायची, फार तर धाबे गळायचे. गवतालाही ते नव्हते. भय होते ते कौलाला. कुंभाराच्या चाकावरून उतरून उभी चिरलेली नळीची कौले, एक उताणे, एक पालथे, अशी पाख्यावर रचलेली असत, आणि ती इतकी ठिसूळ की मांजरांच्या पाठशिवणीनेही फुटत. म्हणूनच दर वर्षी मृगापूर्वी घर शाकारण्याची चाल पडली. शाकारणारा गडी आढ्यापासून वळचणीपर्यंत कौले उतरवी, त्यांवरची धूळ झाडी, कुजलेल्या रिपा बदली, फुटकी बाजूला काढी, आणि तेवढीच नवी कौले यजमानाकडून मागून घेई. यात एक हिशोब असा होता की, गारपीट बहुधा शाकारणीच्या आधीच्या दोनतीन महिन्यांत व्हायची. म्हणजे तिचे नुकसान नेहमीच्या वार्षिक खर्चातच मिसळून जायचे. पाचशे कौले लागणार होती तिथे हजार लागली, एवढेच. ज्याला आज आपण विमा म्हणतो त्याचा एक मूक प्रकार या वार्षिक दुरुस्तीत दडलेला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

ही घडी मोडली ती सुधारणेने. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रात दाबलेली, एकमेकांत खाचेने अडकणारी ती चपटी लाल कौले समुद्रमार्गे मुंबईस व तेथून आगगाडीने घाटावर येऊ लागली. मंगलोरी कौलाला दर वर्षी शाकारावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. आणि शाकारणारा गडी त्यामुळे हळूहळू बेकार होतो, हा त्याचा दुर्लक्षित परिणाम. पुढे पन्हाळी पत्रा आला, नंतर सिमेंटचा पत्रा आला, आणि तो तर दिंडोरी तालुक्यातील लखमापूरच्या कारखान्यातच होऊ लागला. छपराची दुरुस्ती वार्षिक न राहता प्रासंगिक झाली. पूर्वी वर्षाला दहा घरे बांधून घेतलेला ओळखीचा माणूस होता. आता गारपिटीनंतर एकाच सकाळी शंभर घरांना एकच ठेकेदार हवा असतो, तो उचल घेतो, दोन पाखी उघडी करून तिसऱ्या गल्लीत दुसरे काम धरतो, आणि पत्र्याचा भाव सकाळी एक व संध्याकाळी एक असतो. माझ्या घरावरही एका अनामिक ठेकेदाराने हा प्रयोग केला आहे. परंतु त्याचा राग मी कधीच सोडून दिला, कारण मागणी एका दिवसाची आणि हात वर्षभराचे, हे गणित त्याने बनवलेले नव्हते.

कांदाचाळीची गोष्ट याहून विचित्र. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. तिच्या आधाराने निफाड, चांदवड, येवले भागात उन्हाळी कांदा चाळीत साठवण्याची पद्धत वाढली. चाळीवर लोखंडी पत्रा घातला तर गारेस तो दाद देत नाही, पोचे तेवढे पडतात. पण उन्हात तो असा तापतो की आतला कांदा उकडून निघतो. सिमेंटचा पत्रा वा कौल घातले तर कांदा थंड राहतो. पण गारेने छप्पर फुटते, पाणी आत शिरते, आणि भिजलेला एक थर खालच्या साऱ्या थरांना सडवतो. या दोन नुकसानींतून एक निवडून शेतकरी छप्पर घालतो.

आता मोजणीकडे वळू. इंग्रजी अमदानीत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरापासून सुरू केलेली जमाबंदी नाशिककडील तालुक्यांतही आली, तेव्हा नाशिक हा अहमदनगर जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ साली. तीस वर्षांसाठी ठरवलेल्या त्या साऱ्यामागचे तत्त्व असे की, दर मुळातच हलका धरला आहे, तेव्हा चांगल्या सालाच्या बचतीतून वाईट साल भागवावे आणि वारंवार सूट मागू नये. तत्त्व म्हणून हे सुंदर आहे. मात्र चांगल्या सालाची बचत सावकाराच्या वहीत जाते, ही गोष्ट जमाबंदीच्या कोष्टकात बसत नव्हती. म्हणून पुढे तहकुबी आली, सूट आली, १८८४च्या कायद्याने बी-बैलांसाठी तगाई आली, आणि या साऱ्यांना आधार म्हणून पिकाची आणेवारी आली. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण, त्यातले किती आणे हाती लागले याचा गावनिहाय अंदाज. गावनिहाय, हे ध्यानात ठेवावे. गाव दहा आण्यांचे ठरले, तर ज्याच्या शेतावर गारेने दोन आणेही ठेवले नाहीत तो त्या आकड्याखाली गाडला जाई.

पीकविम्याची कल्पना निघाली तीच मुळी गारेतून. जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात १७९७ साली शेतकऱ्यांनी परस्परांचे गारपिटीचे नुकसान वाटून घेण्यासाठी मंडळी स्थापिली. आपल्याकडे म्हैसूर संस्थानचे जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० साली पर्जन्यमानावर आधारलेल्या शेतीविम्याची योजना पुस्तकरूपाने मांडली. बडोदे संस्थानातही प्रयत्न झाला. स्वातंत्र्यानंतर १९७२ सालापासून एकेका शेताचा विमा उतरवून पाहिला, तो अंगावर आला. तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी क्षेत्र पद्धतीचा आग्रह धरला: व्यक्तीचे शेत न पाहता सारख्या हवामानाच्या क्षेत्राचे सरासरी उत्पन्न पाहावे, ते उंबरठ्याखाली गेले तर सर्वांना भरपाई द्यावी. १९७९ साली या पद्धतीचा प्रयोग झाला, १९८५ साली देशव्यापी योजना आली. दांडेकरांचे तर्कशास्त्र निर्दोष होते. प्रत्येक शेत तपासणे परवडत नाही, आणि सरासरी खोटे बोलत नाही. दुष्काळापुरते ते मला पूर्णतः मान्य आहे. परंतु गार सरासरीने पडत नाही.

हे ध्यानी यायला वेळ लागला. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रावर सुमारे तीन आठवडे ठिकठिकाणी गारपीट होत राहिली, तेव्हा निफाड-दिंडोरीकडची तोडणीला आलेली द्राक्षे वेलीवरच फुटली, आणि मंडपाखाली घडांचा सडा पडला. २०१६च्या पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीस स्थानिक आपत्ती मानून बाधित शेताचीच पाहणी करण्याची आणि शेतकऱ्याने ७२ तासांत कळवण्याची तरतूद झाली. म्हणजे शंभर वर्षांच्या प्रवासानंतर विमा सरासरीकडून पुन्हा डोळ्याकडे, अर्थात पंचनाम्याकडे, परतला. सरकारी मदतीसाठी तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक मिळून बांधावर जातात, पंच सह्या करतात, आणि सातबाऱ्याशी ताडून यादी वर जाते. २०२३च्या २६ नोव्हेंबरला निफाड तालुक्यात अवेळी गारा झाल्या, तेव्हाही लिहिणारी तीच त्रयी होती.

छपराला मात्र पिकाइतकेही शास्त्र लाभलेले नाही. आपत्ती मदतीच्या २०२२-२६च्या निकषांत, अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० रुपये आणि कच्च्या घरास ४,००० रुपये ठरले; अट एवढीच की नुकसान किमान १५ टक्के असावे. खाजगी विमा असलेल्या मोजक्या घरांसाठी कंपनीचा सर्व्हेअर येतो. येथे घरधन्यापुढे एक जुनाच पेच उभा राहतो: पंच येईपर्यंत छप्पर फुटलेले ठेवावे, तर रात्रीच्या दुसऱ्या सरीत घरातले धान्य भिजते, ताडपत्री टाकून ठेकेदाराला बोलवावे, तर पंचांना दाखवायला नुकसान उरत नाही. जुनी माणसे फुटकी कौले अंगणात रचून ठेवीत, मोजून, आणि पाहणी होईपर्यंत कोणाला हात लावू देत नसत. वाचकांनी तेवढे जरूर करावे, आणि हल्ली फोटोही काढावा. कारण ते १५ टक्के मोजायला अजून कुठलेच यंत्र आलेले नाही. तलाठी अंगणात उभा राहतो, मान वर करून पाख्याकडे पाहतो, आणि आकडा लिहितो.