३७ सेकंदांचं सुवर्णपदक आणि पाठीतली गोळी

हा ताज्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे 'म्हणजे', 'तर', 'बघा' येतात, त्यातले थोडे काढलेत, थोडे तसेच ठेवलेत.

२०२४ च्या जूनमध्ये 'चंदू चॅम्पियन' नावाचा सिनेमा आला. कार्तिक आर्यनचा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो फोनवर बघितला असणार. तो ज्यांच्यावर बेतलाय ते मुरलीकांत पेटकर आपल्या महाराष्ट्रातले, सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले जवान आणि १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून देणारे खेळाडू.

सिनेमा पदकाभोवती फिरतो, आणि ते बरोबरच आहे. पण गोळी लागल्यापासून पदकापर्यंत गेली ७ वर्षं. पदकानंतर गेली ५० हून जास्त. मणक्यात गोळी गेलेला माणूस एवढी वर्षं जगतो कसा? कारण शंभर वर्षांपूर्वी असे जवान बहुतेक जगतच नसत. मग मधे असं काय बदललं? आजचा भाग त्यावर आहे.

वर्कशॉपमधला सैनिक

पेटकरांचा जन्म १९४४ चा, इस्लामपूरजवळच्या पेठ गावचा. हा पट्टा कुस्तीचा. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, १९५२ चं हेलसिंकीचं कांस्य, आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. म्हणजे अगदी शेजारचेच.

पेटकर लहान वयातच सैन्याच्या बॉईज बटालियनमध्ये गेले आणि पुढे ईएमई कोअरमध्ये क्राफ्ट्समन झाले. ईएमई म्हणजे सोप्या भाषेत सैन्याचं वर्कशॉप. रणगाडे, ट्रक, तोफा, वायरलेस, जे बिघडेल ते दुरुस्त करणारी माणसं. या कोअरचं मोठं केंद्र सिकंदराबादला आहे. परभणीच्या पोरांना सिकंदराबाद काही परकं नाही. १९५६ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद राज्यातच होता, आणि आजही स्टेशनवर उभं राहिलं की तिकडची गाडी मिळतेच. तिथे पेटकर बॉक्सिंग करायचे, आणि चांगलं करायचे. १९६४ साली टोकियोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेतही ते खेळून आले.

मग आला सप्टेंबर १९६५.

चहाची शिट्टी

८ सप्टेंबरला भारतीय सैन्य सियालकोट आघाडीवर पुढे सरकलं. फिल्लोरा आणि चविंडा इथल्या लढाया दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सगळ्यात मोठ्या रणगाडा लढायांमध्ये मोजल्या जातात. पूना हॉर्स या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर इथेच १६ सप्टेंबरला शहीद झाले. त्यांना परमवीर चक्र मिळालं.

आधुनिक युद्धाची एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. जुन्या काळात आघाडीवर लढणारा वेगळा आणि मागे छावणीत घोड्यांना नाल ठोकणारा वेगळा. मागच्याला त्या मानानं धोका कमी. विमान आलं आणि तो फरकच पुसला गेला. वर्कशॉप, पेट्रोलचा साठा, जेवणाचा तंबू, सगळं वरून दिसतं. उलट रणगाडे थांबवायचे तर ते दुरुस्त करणाऱ्यांनाच आधी गाठा, हा सरळ हिशोब.

पेटकर मुलाखतींमध्ये सांगतात की शिट्टी वाजली तेव्हा जवानांना वाटलं, चहाची वेळ झाली. ती हवाई हल्ल्याची सूचना होती. त्या हल्ल्यात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि त्यातली एक मणक्यात रुतली. ती अजून काढलेली नाही, असं ते सांगतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण मणक्याजवळची गोळी डॉक्टर पुष्कळदा मुद्दाम तशीच ठेवतात. काढायला गेलं तर जे थोडंफार शाबूत आहे तेही जाण्याची भीती असते.

२३ सप्टेंबरला युद्धविराम झाला. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंद करार झाला. सरकारी कागदावर युद्ध तिथे संपलं. पेटकरांच्या शरीरात ते आत्ता कुठे सुरू झालं होतं.

पाठीतली मुख्य केबल

आता थोडं शरीरशास्त्र. मी इंजिनिअर माणूस, त्यामुळे उदाहरण तसलंच देणार. मेंदू हा सर्व्हर धरा आणि मज्जारज्जू ही त्याच्यापासून निघालेली मुख्य केबल. ही केबल मणक्यांच्या हाडांमधून खाली जाते. जिथे ती तुटते, त्याच्या खालचं कनेक्शन जातं. मानेत तुटली तर हातपाय दोन्ही जातात. छातीमागे किंवा कमरेच्या वरच्या भागात तुटली तर हात चालतात, पाय जातात. अर्धवट तुटली तर थोडी हालचाल किंवा थोडी जाणीव उरते. म्हणून दोन जखमींची अवस्था कधीच सारखी नसते. एक जण कुबड्या घेऊन चालतो, दुसऱ्याला व्हीलचेअर लागते. आणि ऑफिसातली केबल बदलता येते, ही मात्र अजून तरी कुणाला जोडता आलेली नाही.

आपल्याला फक्त 'पाय गेले' एवढंच दिसतं. माणूस मरतो तो पाय गेले म्हणून नाही. तो दोन वेगळ्या गोष्टींनी मरतो.

पहिली गोष्ट म्हणजे कातडी. तुम्ही आत्ता हे ऐकताना नकळत दहा वेळा कूस बदलली असेल. एका जागी दाब आला की दुखतं, आणि आपण हलतो. ज्याला दुखतच नाही तो हलणार कसा? माकडहाड, टाच, कुल्हा, जिथे हाड कातडीला टेकतं तिथला रक्तपुरवठा दाबला जातो आणि काही तासांत कातडी मरायला लागते. यालाच आपल्याकडे 'पाठीला जखमा झाल्या' म्हणतात. या जखमा हाडापर्यंत जातात, त्यात जंतू शिरतात, आणि ते रक्तात पसरले की माणूस हातचा जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे लघवी. मूत्राशय भरलंय हा निरोप वर पोचत नाही, रिकामं कर हा हुकूम खाली येत नाही. लघवी साचते, जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत चढतो, आणि शेवटी मूत्रपिंडं निकामी होतात.

पहिल्या महायुद्धात मणक्याला जखम झालेले बहुसंख्य जवान असेच गेले, काही आठवड्यांत नाहीतर काही महिन्यांत. 'याचं काही होणार नाही' असं धरूनच त्यांना कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं जायचं.

दर दोन तासांनी कूस

हे बदललं दुसऱ्या महायुद्धात. लुडविग गुटमन हे जर्मनीतले ज्यू न्यूरोसर्जन. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला आले. १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडविल हॉस्पिटलमध्ये मणक्याच्या जखमींसाठी खास विभाग त्यांच्या हाताखाली सुरू झाला.

त्यांनी कुठलं चमत्कारी औषध शोधलं नाही. पेनिसिलीन नुकतं आलं होतं, त्याची मदत झाली. पण खरा बदल शिस्तीचा होता. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची. रात्रीसुद्धा. मूत्राशय ठराविक वेळी, स्वच्छ हातांनी रिकामं करायचं. आणि माणसाला खाटेवर पडू द्यायचं नाही. हात मजबूत करा, खुर्चीत बसा, काम शिका, खेळा.

हो, खेळ हा उपचाराचा भाग होता. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत होतं त्याच दिवशी, गुटमन यांनी हॉस्पिटलच्या आवारात १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. १४ पुरुष, २ स्त्रिया. तिथून वाढत वाढत १९६० मध्ये रोमला मोठी स्पर्धा झाली. तीच आज पहिली पॅरालिम्पिक मानली जाते.

म्हणजे पॅरालिम्पिकचं मूळ स्टेडियममध्ये नाही, हॉस्पिटलच्या वॉर्डात आहे.

पाण्यात पाय जड नसतात

पेटकरांवर मुंबईत नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात उपचार झाले. तिथे फिजिओथेरपीचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगितलं गेलं. जमिनीवर स्वतःचं निम्मं शरीर ओढावं लागतं, पाण्यात ते तरंगतं. खांदे, छाती आणि दंड यांना भरपूर काम मिळतं. आणि बॉक्सरचे खांदे तर आधीच तयार होते.

१९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा संघ पहिल्यांदाच उतरला. पेटकर तिथे टेबल टेनिस खेळले. मग आलं १९७२. ऑलिम्पिक म्युनिकला होतं, पण त्यानंतर तिथलं खेळाडूंचं गाव खासगी घरांसाठी जायचं होतं, म्हणून पॅरालिम्पिक हायडलबर्गला झालं, आणि तेही ऑलिम्पिकच्या आधी, ऑगस्टच्या सुरुवातीला. ५० मीटर फ्रीस्टाइल. पेटकरांची वेळ ३७.३३ सेकंद. जागतिक विक्रम आणि सुवर्ण. त्याच स्पर्धेत भालाफेक, अचूक भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलम या तीन प्रकारांतही ते अंतिम फेरीत होते.

काही आठवड्यांनी म्युनिकला मार्क स्पिट्झने ७ सुवर्णपदकं जिंकली आणि जगाने त्याचं नाव पाठ केलं. आपल्या देशात मात्र, ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण कुणाचं विचारलं तर आपण २००८ चा अभिनव बिंद्रा सांगतो. उत्तर बरोबरच आहे. फक्त त्याच्या ३६ वर्षं आधीचं पॅरालिम्पिकचं सुवर्ण आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

पदकानंतरचा रोजचा दिवस

पुढे पेटकरांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. १७ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तेव्हा ते ८० वर्षांचे होते.

पुरस्काराला झालेल्या उशिरावर पुष्कळ बोललं गेलंय, बोलायलाच हवं. पण मला त्याहून मोठं वाटतं ते पदक आणि पुरस्कार यांच्या मधलं रोजचं जगणं. मणक्याची जखम पेन्शनसारखी असते, दर महिन्याला येतेच. पाय न वापरल्याने हाडं ठिसूळ होतात. सगळा भार पेलून पेलून खांदे झिजतात. पायांना अचानक पेटके येतात. जखम जर वरच्या भागात असेल तर तिच्या खाली घामच येत नाही. आता विचार करा, आपल्या परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो तेव्हा अशा माणसाचं काय होत असेल? बाकीच्यांना नुसतं उकडतं. त्याच्यासाठी पाण्याची फवारणी आणि ओला पंचा हे औषध आहे.

खडकी ते परभणी

सैनिकांसाठी महाराष्ट्रात काही चांगल्या व्यवस्था उभ्या राहिल्या. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ ची, पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी जवानांना काम शिकवण्यासाठी मुंबईत सुरू झालेली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. आणि खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर खास मणक्याच्या जखमी सैनिकांसाठी. तिथे राहायची सोय आहे, उपचार आहेत, काम आहे, खेळ आहेत. गुटमन यांच्या वॉर्डचा विचार आपल्याकडे असा पोचला.

पण मणक्याच्या जखमा फक्त सीमेवर होत नाहीत. भारतात त्या सगळ्यात जास्त होतात त्या उंचावरून पडल्याने आणि रस्त्यावरच्या अपघाताने. झाडावरून, छतावरून, विहिरीत, मोटारसायकलवरून. म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच वयाच्या पोरांना. त्यांच्यासाठी खडकी नाही. त्यांच्यासाठी आहे घरातली एक खाट, आणि कूस बदलायला आई किंवा बायको. तिला जर कुणी 'दर दोन तासांनी' हे सांगितलंच नसेल, तर तो पोरगा २१ व्या शतकात १९१६ सालच्या सैनिकासारखा मरतो. एवढा सरळ हिशोब आहे.

म्हणून या भागातून दोनच गोष्टी सोबत घेऊन जा. एक, अपघातात पडलेल्या माणसाला हातपाय धरून झोळीसारखं उचलू नका. आग किंवा गाड्यांचा धोका नसेल तर आहे तिथेच ठेवा, मान आणि पाठ एका रेषेत राहू द्या, १०८ ला फोन लावा. हलवावंच लागलं तर फळीवर, चार जणांनी मिळून, सरळ. दोन, ओळखीत कुणी असं अंथरुणाला खिळलेलं असेल तर त्या घरी जाऊन दोन तासांची गोष्ट सांगा. मोबाईलवर अलार्म लावून द्या. पैसे लागत नाहीत, आणि जीव वाचतो.

पेटकरांची ती ३७ सेकंदं मोठीच आहेत. पण त्याआधी कुणीतरी रात्री-बेरात्री उठून त्यांची कूस बदलली होती. त्या वॉर्डबॉयचं, त्या नर्सचं नाव कुठल्याच यादीत नाही. आजचा भाग त्यांच्यासाठी.

आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, तिथेच याची जास्त गरज आहे. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि हेल्मेट घाला रे बाबांनो!