सदस्यत्व सोडलेला इंडोनेशिया

संयुक्त राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याची तरतूद सनदेत नाही. पूर्वीच्या राष्ट्रसंघाच्या करारात दोन वर्षांच्या पूर्वसूचनेची सोय होती आणि १९३३ मध्ये जपान व जर्मनीने तिचाच आधार घेतला. जानेवारी १९६५ मध्ये मात्र इंडोनेशियाने सदस्यत्व सोडल्याचे कळविले. ज्याच्याशी संघर्ष चालू होता त्या मलेशियाला सुरक्षा परिषदेत अस्थायी जागा मिळाली, हे अध्यक्ष सुकार्णो यांना असह्य झाले होते. १९५७ मध्ये इजिप्तमधील शांतिसेनेत आपले सैनिक धाडणाऱ्या देशाने असे पाऊल उचलावे, हे विलक्षणच. मलेशियाची जागा कायम राहिली. सुकार्णोंची पर्यायी संघटना उभी राहिली नाही. त्यांची सत्तेवरील पकड सुटल्यावर, सप्टेंबर १९६६ मध्ये इंडोनेशिया परतला. नवा अर्ज मागण्यात आला नाही. मधला काळ सहकार्यातील खंड मानला गेला. वर्गणीचा काही भाग तेवढा भरावा लागला.