बेसिनवरचा आरसा

निकाहानंतरचा आरसी-मुसहफचा विधी आपल्या अनेक घरांत अजून होतो. समोर कुराण शरीफ आणि आरसा ठेवतात, वरून ओढणी धरतात, आणि दुल्हा-दुल्हन एकमेकांचा चेहरा प्रथम त्या आरशात पाहतात. पुढे तो आरसा कपाटात जातो. त्यानंतर जन्मभर आपला संबंध येतो तो बेसिनवरच्या आरशाशी. वजूसाठी दिवसातून पाच वेळा आपण त्याच्यासमोर उभे राहतो. पण तो कोणाच्या मापाने लावला आहे, हे कोणी विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते.

न्हाणीघरात आरसा ही कल्पना नवी नाही. शाहजहानने आग्र्याच्या किल्ल्यात 1631 ते 1640 या काळात शीशमहल बांधला, तो मुळात हमामच होता. त्याच्या भिंती आणि छत आरशाच्या बारीक तुकड्यांनी मढवले आहेत. दिव्याच्या उजेडात ते चमकतात, पण चेहरा सबंध असा एकाही तुकड्यात दिसत नाही. चेहरा पाहायचा तर त्या काळच्या बेगमा अंगठ्यात आरसी घालत. म्हणजे पाहण्याचा आरसा हातातच राहिला. युरोपात व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर काचेमागे कथील आणि पारा लावून आरसे करत. ते महाग होते, आणि पाऱ्याची वाफ कारागिरांना बाधे. 1835 साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर चढवण्याची रीत शोधली आणि पुढे आरसा सामान्यांच्या घरी पोहोचला. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना 1908 साली आणि ओगलेवाडीचा 1916 साली निघाला. मुंबईच्या चोरबाजारात मात्र जुन्या आरशांची ओळख आजही ‘बेल्जियमचा’ अशीच सांगतात.

कल्याणहून पळसदरीपर्यंतची रेल्वे 1856 साली सुरू झाली. त्या मार्गावरच्या आमच्या स्टेशनचे नाव बदलापूर, पण ते उभे आहे कुळगावात. इकडच्या जुन्या घरांत मोरी मागच्या बाजूला असे आणि आरसा ओटीवर, खिळ्याला अडकवलेला. ज्याला हवा तो काढून उजेडात नेई. मूल खाली बसून पाही, म्हातारे माणूस डोळ्यांजवळ धरी. मग चाळी आणि वाडे जाऊन इमारती आल्या, बेसिन आले, आणि आरसा टाइल्समध्ये पक्का झाला. तेव्हापासून त्याची उंची एकाच माणसाची झाली. बहुधा लावणाऱ्या कारागिराची.

आमच्या पहिल्या भाड्याच्या घरात आरशाची खालची कड जमिनीपासून 56 इंचांवर होती. आमची उंची 68 इंच, त्यामुळे आम्हाला काही जाणवले नाही. अम्मीची 58. तिला त्या आरशात कित्येक वर्षे फक्त डोक्यावरची ओढणी दिसत होती. तिने कधी तक्रार केली नाही. घर बदलताना सहज बोलून गेली, “तो तुमचा आरसा होता.”

नव्या घरात आम्ही टेप घेऊन बसलो आणि इब्न अल-हैसम आठवला. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. तिच्या सात भागांपैकी तीन भाग परावर्तनावर आहेत. सपाट, गोल, नळीसारखे, शंकूसारखे आरसे घेऊन त्याने प्रयोग केले. तिचे लॅटिन भाषांतर 1572 साली बासेलला छापले गेले. सपाट आरशातली प्रतिमा आपण पुढे जितके उभे, तितकीच मागे असते. त्यावरून एक घरगुती हिशेब निघतो: आरशाची वरची कड सर्वांत उंच माणसाचे डोळे आणि माथा यांच्या मधोमध हवी, आणि खालची कड सर्वांत ठेंगण्याचे डोळे आणि हनुवटी यांच्या मधोमध. मागे सरकून फरक पडत नाही.

आमचे डोळे 64 इंचांवर, म्हणून वरची कड 66 वर. धाकटीची उंची 44, डोळे 40 वर, हनुवटी 36 वर, म्हणून खालची कड 38 वर. हा झाला 28 इंचांचा आरसा. दुकानात मिळणारा तयार आरसा 24 इंचांचा होता. तो आमच्या मापाने वर लावला तर मुलीला नुसते केस दिसणार. मुलीच्या मापाने खाली घेतला तर आम्हाला आमचेच डोळे दिसणार नाहीत. म्हणून 30 इंच उंच, 18 इंच रुंद आणि 5 मिलिमीटर जाडीचा आरसा कापून घेतला. घेताना ट्यूबलाइटचे प्रतिबिंब त्यात पाहिले; रेघ लहरली तर काच सपाट नाही असे समजावे.

आपल्या पावसाळ्यात आरसा कडेने काळा पडतो, कारण ओल मागच्या चांदीपर्यंत पोहोचते. म्हणून तो भिंतीला चिकटवला नाही. टाइलला ड्रिलने हळूहळू भोके पाडली, गिट्ट्या ठोकल्या, क्लिपा बसवल्या आणि मागे हवेला जागा ठेवली. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन चांदी खाते, तेही टाळले.

वजूत चेहरा धुवायचा तो कपाळावरच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. शरीअतने सांगितलेले हे माप घरातल्या प्रत्येकाला आरशात दिसावे, एवढाच आमचा हिशेब होता. आरसा पाहतानाची दुआ आपल्याला ठाऊक आहे. सूरत चांगली दिलीस तशी सीरतही चांगली कर, असे तीत मागणे असते. बेसिन संडासालगत असल्यामुळे ती आम्ही तिथे उच्चारत नाही, मनात ठेवतो.

पहिल्याच मगरिबला अम्मी वजू करून बराच वेळ बाहेर आली नाही. आम्ही हाक मारली.

“थांब रे,” ती म्हणाली, “माझ्या भुवया पांढऱ्या झाल्यात. मला माहीतच नव्हते.”

हदीसमध्ये मोमिनाला मोमिनाचा आरसा म्हटले आहे. आमच्याच घरात ते काम आम्ही इतकी वर्षे केले नव्हते. नवा आरसा घेणाऱ्यांनी दुकानात जाण्याआधी घरातल्या सर्वांत ठेंगण्या माणसाला भिंतीशी उभे करावे आणि पेन्सिलने एक खूण करावी.